उरेब

पोरांच्या पांढऱ्या विजारी माझ्याकडे यायच्या
दर शनिवारी, एकाच जागी फाटलेल्या.
मियानी. दोन पायांमधला तो चौकोन
ज्याचं नाव गिऱ्हाईक कधी घेत नाही,
नुसतं बोट दाखवतं आणि दुसरीकडे बघतं.
मी पिशव्यांवर नावं लिहायचो:
दुर्वेश. आयव्हन. गावकराची धाकटी.
शिलाई दहा रुपये.

मग मॅग्डा टीचर स्वतःच दुकानात आली.
दिवसा वीज खात्यात बिलं, संध्याकाळी
डिचोलीच्या बाजारामागच्या हॉलात तायक्वांदो.
"पुरसो, टाका घट्ट मारू नकोस," म्हणाली,
"घट्ट तोच आधी तुटतो."
एकवीस वर्षं मशीन चालवणाऱ्याला
चोवीस वर्षांची पोरगी हे सांगते!
नुसतं बघायला म्हणून गेलो.
दाराशी चपला काढल्या,
त्या अजून दर संध्याकाळी तिथेच असतात.

पायडल मारणारे पाय घोट्यातून तेवढे हलतात,
चार बोटं वर, चार बोटं खाली.
त्याच्या वर सगळं खळ दिलेलं कॅनव्हास.
पहिल्या दिवशी पाय फाकवून बसलो
तर धड काटकोनही होईना.
बाजूला पोरं वाकून कपाळ फरशीला लावत होती
आणि मला माझे अंगठे दिसत होते
फेरीच्या धक्क्यावरून पलीकडचा तीर दिसावा तसे.

हिसका देऊ नकोस, टीचर म्हणायची. सवकाश.
श्वास सोड. सोडताना एक दोरा ढिला होतो,
तेवढाच घे. दुसरा उद्या.
दोरा म्हणाली म्हणून ऐकलं.

चिऱ्याच्या खांबाला माझीच जुनी टेप चिकटवलेली,
साठ इंचांची, सुरुवातीचे आकडे पुसट.
लाथ जिथे लागेल तिथे खडूची रेघ.
जूनमध्ये चोवीस.
चवथीला सत्तावीस.
मग अडलं.
दिवाळी गेली, सत्तावीस. नाताळचे तारे लागले, सत्तावीस.
आयव्हनची रेघ माझ्या कानाशी, आणि तो नऊ वर्षांचा.

घरी सुमती मांडीला तेल चोळताना म्हणाली,
"एवढं उंच काय ठेवलंय तिथे?"
खुंटीवरचा शर्ट पायाने काढता येईल, मी म्हटलं.
तिने तेलाची बाटली माझ्या हाती दिली
आणि हात पुसत निघून गेली.
प्रश्न मात्र राहिला. उत्तर मला अजून येत नाही.

जानेवारीत एकदा, पाय हवेत थरथरत असताना,
टीचर खाली बघत उभी राहिली.
"वरचा पाय राहू दे. जमिनीवरचा बघ.
टाच कुठेय तुझी?"
टाच होती तिथेच होती, खिळ्यासारखी.
"ती वळव. खांबाकडे."
वळवली,
आणि खुबा आतल्या आत उलगडला,
पाय वर गेला, मी न ढकलता.

आणि मला हसू आलं, कारण हा तर माझाच धंदा.
कापड उभं ओढा, आडवं ओढा, ते काही देत नाही.
तेच तिरपं धरा, कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे,
तीच वीण, तेच सूत,
हातात झोळीसारखं उतरतं.
उरेब!
ब्लाउजच्या किती गळ्यांना मी ती पट्टी लावली असेल,
आणि बेचाळीस वर्षं स्वतःला
उभ्या धाग्यावर ओढत बसलो.

शिगम्याआधीच्या शनिवारी
टाच वळली, गुडघा छातीशी आला, पाय सुटला,
आणि एक आवाज झाला, माझ्या अगदी ओळखीचा.
हॉल क्षणभर गप्प.
मग दुर्वेश, "अंकल, मियानी!"
हा शब्द त्याला माहीत असायचं कारण नाही,
माझ्याकडूनच शिकलेला.
पोरं हसून लोळली. टीचरनेही तोंड फिरवलं.
मी एका हाताने मागे धरून
दुसऱ्या हाताने खडू मागितला.
चाळीस.

रात्री दुकान उघडून पिशवी घेतली,
तिच्यावर नाव लिहिलं: पुरसो.
नवा चौकोन तिरपा कापला.
टाका सैल घातला.
दहा रुपये गल्ल्यात टाकायचे की नाही,
यावर थोडा वेळ विचार करत बसलो.